आयलंड पीक: पावत्या, परवाने आणि दाईंचा होकार

नेपाळमधल्या आयलंड पीक या शिखरावर चढायचं ठरवल्यावर काठमांडूच्या एजन्सीला आमच्याकडून पहिल्यांदा हवा होता तो पासपोर्टचा स्कॅन. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मतदार ओळखपत्रही चालतं. आधार चालत नाही, आणि हे ऐन चेक-इनच्या रांगेत कळणारी मंडळी अजूनही भेटतात. पण शिखराच्या परमिटचे कागद करायचे तर पासपोर्टच द्या, असं एजन्सीचं म्हणणं. वादात न पडता दिला.

आयलंड पीक म्हणजे इम्जा त्से, 6,189 मीटर, एव्हरेस्टच्या दक्षिणेला खुंबू भागात. नेपाळमधल्या मोठ्या शिखरांचे परवाने तिथलं पर्यटन खातं देतं. ‘ट्रेकिंग पीक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान शिखरांचं काम मात्र नेपाळ पर्वतारोहण संघाकडे आहे. 1973 साली स्थापन झालेल्या या संघाचं कार्यालय काठमांडूच्या नक्साल भागात. तिथे आपण उठून गेलो आणि पैसे भरून परमिट घेतलं, असं होत नाही. अर्ज नोंदणीकृत नेपाळी एजन्सीमार्फतच करावा लागतो आणि सोबत परवानाधारक गाइड लागतो. शुल्क ऋतूप्रमाणे बदलतं. वसंतात सगळ्यात जास्त, शरदात त्याच्या निम्मं. शिवाय कचऱ्याची अनामत असते, ती एजन्सी भरते आणि खाली आणलेल्या कचऱ्याचा हिशोब दाखवून परत मिळवते.

आम्ही शरद निवडला, पैशांसाठी आणि स्वच्छ आकाशासाठीही. त्यात एक मेख आहे. आपल्या नवरात्रात तिकडे दशैं हा सण असतो, आणि दशैंत नेपाळ अक्षरशः गावाला जातं. सरकारी कचेऱ्या बंद, बसगाड्या तुडुंब, काठमांडूच्या ठमेल भागातली अर्धी दुकानं ओस. एजन्सीवाल्या दाजूंनी (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) परमिट सुट्ट्यांच्या आधीच काढून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तुम्ही त्या दिवसांत जाणार असाल तर ‘तिकडे पोहोचल्यावर बघू’ म्हणू नका.

खुंबूची पायवाट सुरू होते ती लुक्ला गावापासून. ऐन हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. त्यामुळे मध्यरात्री जीपमध्ये बसा, वळणं खा, पहाटे रांगेत उभे राहा. उड्डाणाबद्दल मी लिहीत नाही. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटरची आणि चढावर बांधलेली आहे, एवढं पुरे.

लुक्ला गावाबाहेर पडताना पासांग ल्हामू शेर्पा यांच्या नावाची कमान लागते. एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली नेपाळी स्त्री. 22 एप्रिल 1993 ला त्या माथ्यावर पोहोचल्या आणि उतरताना त्यांचा मृत्यू झाला. इथल्या गावपालिकेलाही त्यांचंच नाव आहे, खुंबू पासांग ल्हामू, आणि दुसरी पावती या गावपालिकेची. पूर्वी ट्रेकर काठमांडूत टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरचं नोंदणीपत्र, काढून यायचे. नव्या राज्यघटनेनंतर 2017 मध्ये स्थानिक पालिका आल्या आणि खुंबूने सांगितलं, आमच्या वाटेवर चालताय तर शुल्क आमच्याकडे भरा. 2023 च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला, तेव्हाही खुंबूने ‘आमच्याकडे हे लागू नाही’ असाच पवित्रा घेतला. काठमांडूचा नियम आणि खुंबूचा नियम एकच असेल असं धरून चालू नये. शिखरासाठी मात्र गाइडला पर्याय नाही.

तिसरा कागद मोंजोला. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं (स्थापना 1976, जागतिक वारसा 1979) दार इथे आहे. खिडकीवरच्या फलकावर तीन दर: नेपाळी, सार्क देशांचे, बाकीचे परदेशी. आम्हाला सार्कचा, 1,500 नेपाळी रुपये. आपल्या एका रुपयाला त्यांचा 1.60 हा भाव ठरलेला असल्याने साधारण साडेनऊशे. शेजारचे जर्मन आजोबा दुप्पट भरत होते. त्यांनी आमच्या पावतीकडे पाहिलं आणि हसून काहीतरी म्हणाले. ते कौतुक नसावं. नेपाळी रोख जवळ ठेवा, एवढं सांगतो. पलीकडे सैनिकांची चौकी, तिथे वहीत नोंद. परततानाही नोंद होते, कारण कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं नाही, हे कळायला हवं.

सह्याद्रीत गडाच्या पायथ्याशी वनखात्याची पावती फाडताना आपण कुरकुरतो. मीही कुरकुरतो. इथे तीन ठिकाणी पैसे भरूनही ती कुरकुर आली नाही, कारण बदल डोळ्यांना दिसतो. वाटेवर दगडी कचराकुंड्या आहेत. काचेच्या बाटल्यांवर 1998 पासून बंदी आहे, बिअर हवी तर डब्यात. वाटेवरच्या नाम्चे गावाहून खाली येताना कुठलाही ट्रेकर प्लास्टिक वा डब्यांच्या चुऱ्याची एक किलोची पिशवी लुक्लापर्यंत नेऊ शकतो, तिथून ती पुढे जाते. आमच्यातल्या प्रत्येकाने एकेक घेतली.

नाम्चेच्या डोक्यावर खुंबीला उभा आहे, 5,761 मीटर. या खोऱ्याचा रक्षक देव. त्याच्यावर चढाई होत नाही. कितीही डॉलर मोजले तरी. शुल्काच्या तक्त्यांत आकंठ बुडालेल्या या प्रदेशात एका डोंगराला दरच नाही, हे मला फार आवडलं.

तेंगबोचे, दिंगबोचे, मग एव्हरेस्टच्या वाटेपासून उजवीकडे फुटून छुकुंग. गर्दी एकदम ओसरते. इथवर आमच्याकडे वय, राष्ट्रीयत्व, विमा, गाइडचा परवाना, सगळ्याचे कागद होते. दोरावर कुणाला चढता येतं का, हे मात्र एकाही कागदाने विचारलेलं नव्हतं. 2019 च्या वसंतात एव्हरेस्टसाठी 381 परवाने दिले गेले आणि माथ्याखालच्या धारेवर रांग लागल्याचा फोटो जगभर गेला. त्या रांगेतल्या प्रत्येकाचे कागद चोख होते.

विचारलं ते आमच्या क्लाइम्बिंग गाइडने, खुंबूतल्या थामे गावाकडचे, पन्नाशीचे. आम्ही त्यांना दाई म्हणायचो, म्हणजे नेपाळीत दादा. बेस कॅम्प साधारण 5,080 मीटरवर. तिथे त्यांनी एका खडकावर दोर बांधला आणि प्रत्येकाला जुमारने (दोरावर वर सरकणारी पकड) वर, फिगर-ऑफ-एटने (दोरावरून उतरायची कडी) खाली असं करायला लावलं. अँकरपाशी, म्हणजे दोर पक्का बांधलेल्या जागी, आलं की आधी दुसरा कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) लावायचा, मग पहिला काढायचा. हातात जाड मोजे घालूनच. मोजे काढून सगळ्यांना जमतं, म्हणाले. मग शिडी आडवी टाकून क्रॅम्पॉनसकट (बुटांखाली लावायचे बर्फातले खिळे) तिच्यावरून चालवलं.

आमच्यातल्या एकीला दिंगबोचेपासून खोकला होता. दोरावर तिचे हात ठीक चालत होते, पण दर दोन पावलांनी थांबत होती. दाईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला, काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत शांतपणे म्हणाले, “बहिनी, तुम्ही उद्या इथेच.” ती चिडली. परमिट माझ्या नावाचं आहे, पैसे भरलेत. दाई म्हणाले, “परमिट काठमांडूचं आहे. वर मी नेतो.” पुढे कुणी वाद घातला नाही.

आम्ही रात्री दीडला निघालो. खडकातली चढण, पहाटे हिमनदीची कड, तिथे क्रॅम्पॉन. भेगांवरच्या शिड्या सरावातल्या शिडीपेक्षा लांब होत्या. मग ती शेवटची बर्फाची भिंत आणि टोकाची अरुंद धार. माथ्यावर समोर ल्होत्सेची दक्षिण भिंत इतकी जवळ की तिचं टोक बघायला मान मागे टाकावी लागते. पूर्वेला मकालू. पायाशी इम्जा सरोवर. ते फुटून खालची गावं वाहून जाऊ नयेत म्हणून 2016 मध्ये त्याची पातळी 3.4 मीटरने उतरवली होती. दाईंनी प्रत्येकाचा चेहरा दिसेल असा फोटो काढला, गॉगल वर करून, मागे शिखर ओळखू येईल असा. प्रमाणपत्रासाठी, म्हणाले. पुण्याच्या एका पोलीस दांपत्याने 2016 मध्ये एव्हरेस्टचे बनावट फोटो दिल्याचं उघड झालं आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. दाईंना ते प्रकरण तपशीलवार माहीत होतं. आम्ही महाराष्ट्रातले आहोत हेही. फोटो त्यांनी जरा जास्तच काळजीपूर्वक काढले, असं मला वाटलं.

परतल्यावर एजन्सीकडे चौकशी केली. न वापरलेल्या परमिटचे पैसे परत मिळत नाहीत आणि ते पुढच्या हंगामालाही ढकलता येत नाही. मैत्रिणीला सगळं पहिल्यापासून भरावं लागणार. तिने वसंताचा भाव विचारला, शरदाचा विचारला आणि शरद ठरवला. एजन्सीला एकच अट घातली आहे: गाइड तेच दाई हवेत.