आमची वाटचाल : नऊ बोटी अन् गंगेचं एक वळण

पैठणच्या खाली गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, म्हणून मी पण गंगाच लिहितो. २०१७ ला तीन सेकंडहँड फायबरच्या कयाक, म्हणजे पॅडलनं वल्हवायच्या निमुळत्या होड्या, टेम्पोत घालून आणल्या तेव्हा गावात लोक म्हणले, असल्या होडीत बसायला पैसे कोण देणार, आपली माणसं काहिलीत बसून फुकट पलीकडं जातात. खरंच आहे ते, गुळाची काहिल अन् थर्माकोलचा चप्पू यावर आमच्याकडं कित्येक लोकांनी नदी ओलांडलीय. पण आम्हाला ओलांडायची नव्हती, नदी दाखवायची होती.

दाखवायची म्हणजे काय हे मला भोई मामांनी शिकवलं. पैसा माझा, नदी त्यांची, अशी आमची पार्टनरशिप, कागद काही नाही. मामा शाळेत गेले नाहीत पण पाणी असं वाचतात जसा तलाठी सातबारा वाचतो. घाटापासून दीड-दोन किलोमीटर खाली मोठं वळण आहे तिथं पहिल्याच दिवशी ते म्हणले, "पॅडल उचला अन् गप बसा." मी बसलो, तर बोट आपोआप बाहेरच्या काठाकडं जायला लागली. मामा म्हणले, "पाण्याला घाई आहे तिथं काठ उभा, पाणी निवांत तिथं काठ लोळलेला." नागमोडी वळण, झीज अन् संचयन जे पुस्तकात चार ओळींत आहे ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. बाहेरून धार जोरात जाते, काठ पोखरते, डोह पडतो, आतल्या बाजूला पाणी मंदावतं मग वाळू खाली बसते.

आजबी आम्ही तेच करतो. धार चालू असली की सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांना पॅडल उचलायला लावतो. मग बोट आतल्या काठाला नेऊन पॅडल उभं टाकायचं, सात फुटी पॅडलला कमरेइतक्या पाण्यात वाळू लागते. बाहेरच्या बाजूला टाकलं तर पूर्ण पॅडल बुडतं, तळ लागत नाही. बोट वाळूवर ओढून मग पायाखालची गोटी उचलायची. काळा गोल दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याचा, अन् मधेच चमकणारी गारगोटी, ती त्याच कातळाच्या पोकळीत तयार झालेली, कातळ झिजून जातो पण गारगोटी टणक म्हणून टिकते. समोरच्या उभ्या दरडीत काळी माती, मधे रेतीचा पट्टा, परत माती, चुनखडीचे पांढरे खडे, असे थर दिसतात, पुराचं पाणी येऊन गेलं की गाळ बसत गेला त्याचा हिशोबच तो. दरडीच्या अगदी खाली मात्र कधी बोट नेऊ नका, ती मातीची असते अन् न सांगता सुटते. अन् बोट उन्हात सोडून जाऊ नका, प्लास्टिकची असो का फायबरची, ऊन दोन्हीला खातं. लाईफ जॅकेटचा पट्टा मांडीतून घेतलाच पाहिजे नाहीतर माणूस खाली अन् जॅकेट वर येतं. हे मला कुणी विचारलेलं नाही पण सांगतो.

आता जे झालं ते. २०१८ ला पाऊस गेला अन् २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, मृतसाठ्यात गेला, खाली गंगेत नुसते डबके उरले, बोटी घराच्या ओसरीत उभ्या. मग ऑगस्टमध्ये नाशिककडं धो धो पडला, आमच्याकडं ढग कोरडेच, तरी धरण भरत आलं. पाणी आलं अन् पाण्याबरोबर एकजण आला. आमच्याकडं दोन सीझन हेल्पर होता, मीच त्याला बोट वळवायला शिकवलं, मामांनी भोवरा ओळखायला. त्यानं एकदम वीस बोटी आणल्या, आमच्याच घाटाला, रेट निम्मा, स्पीकरवर गाणी, फोटो काढा अन् निघा. गाईड नाही, जॅकेट ढिले, धरणातून विसर्ग किती सुटलाय हे विचारायची पद्धत नाही. तीन शाळा तिकडं गेल्या, एका मुख्याध्यापकांनी मला तोंडावर सांगितलं की पोरांना मजा पाहिजे, भूगोल वर्गात होतो.

त्या हेल्परची बोट उलटली, पोरगं वाचलं, देवाची कृपा, पण घाटावरची परवानगी सगळ्यांचीच बंद झाली. आमची चूक काय होती? साडेचार महिने कागद घेऊन फिरलो. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, दोन बोटी विकल्या. त्याच काळात वळणावरची वाळू रात्रीतून उपसली गेली, जिथं पोरं गोट्या वेचायची तिथं दोन पुरुष खोल खड्डा, वरून पाणी सपाट दिसतं. मामा काठावर बसून बघत राहिले, जेवले नाहीत त्या दिवशी.

तेव्हा बीडकडचे एक भूगोलाचे सर आले. जिल्हा परिषदेच्या शाळेचे, दर हिवाळ्यात स्वतःच्या पगारातून अकरा पोरं आणायचे. म्हणले, परवानगी मिळंल तेव्हा मिळंल, ॲडव्हान्स आत्ता घ्या. त्या पैशातून मी जॅकेटं घेतली, अजून तीच वापरायलो. परवानगी मिळाल्यावर पहिली बॅच त्यांचीच, अन् मधल्या पुरात वळणावर थोडी वाळू परत बसली होती. सरांनी पोरांना पाय ठेवायच्या आधी विचारलं, ही वाळू इथंच का थांबली? एक मुलगी बोलली, "सर, पाणी इथं दमतं." मामा लई खूश झाले.

तो हेल्पर आता दुसऱ्या धंद्यात आहे. माझ्याशी बोलत नाही, मीबी बोलत नाही.

येत्या डिसेंबरात सर अडतीस पोरं आणणारेत. डबल, म्हणजे दोघांच्या, बोटी नऊ आहेत, म्हणजे तीन बॅच, अन् मामांच्या सांगण्यावरून एक बोट राखीव ठेवायची, ती पोरांच्या खालच्या बाजूला उभी. पॅडल दोन कमी पडायलेत.