रुजणे, कुजणे

मराठीत रुजणे आणि कुजणे या दोन क्रियापदांत एका अक्षराचाच काय तो फरक आहे, पण त्यांच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा पाहिली तर ती एका कुळातली वाटू नयेत. विचार रुजतात, संस्कार रुजतात, मैत्रीसुद्धा रुजते. कुजतो तो आडगावच्या बदलीवर गेलेला माणूस, आणि बोलणे कुजकट असते ते शेजाऱ्याचे. नात पहिलीत गेली आणि श्रावणात तिला शाळेतून ओल्या कापसावर मूग पेरून आणण्याचा गृहपाठ मिळाला, तेव्हा हा पक्षपात शिकवण्यातही किती खोल गेलेला आहे हे माझ्या ध्यानात आले.

मूग आपल्या गुणाप्रमाणे वागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान वर काढली, हिरवे साल टोपीसारखे भिरकावून दिले आणि दोन डाळिंब्यांच्या मधून खरी पाने बाहेर आली. पुढे त्या डाळिंब्या आतला साठा रोपाला देऊन सुरकुतल्या. सातव्या दिवशी वाटी शाळेत गेली, वहीत चांदणी मिळाली आणि वाटी धुऊन घरी परत आली. रोपांचे काय झाले, असे मी विचारले, तर उत्तर आले, "बाईंनी टाकून दिली." पुस्तकातल्या चित्रात बी, अंकुर, रोप, फूल, शेंग आणि पुन्हा बी असा बाणांचा गोल होता, आणि त्या गोलात कोणीही मरत नव्हते. प्रत्यक्षात शेतातला मूग साठ ते पंचाहत्तर दिवसांत शेंगा पिकवून वाळून जातो. केळीचा तर नियमच आहे की एकदा घड दिला की त्या खोडाचे आयुष्य सरले, पुढचा संसार बुडाशी आलेल्या पिलांनी करायचा. हे सहा वर्षांच्या मुलीला कसे सांगावे याची मला धास्ती होती. म्हणून, खरे सांगायचे तर, मीही त्या चित्रावर बोट फिरवून मोकळी झाले.

पुढचा पाठ नवरात्राने घेतला. आमच्याकडे घट पत्रावळीवर बसतो. पळसाची पत्रावळ, तिच्यावर काळी माती, मातीत गहू आणि मधोमध कलश. देवघराच्या अंधारात गव्हाचे धान पिवळेधमक वाढते, कारण पानाला हिरवा रंग चढायला उजेड लागतो. दसऱ्याला घट हलवल्यावर धानाचे तुरे आजोबांच्या टोपीत आणि नातीच्या वेणीत गेले. उरलेली माती उचलताना मात्र पत्रावळीचा तळच माझ्या हातात आला. नऊ दिवसांच्या ओलीने पळसाची पाने काळपट, लिबलिबीत झाली होती, त्यांच्यावर बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते, आणि त्याच पानांना भोके पाडून गव्हाची मुळे खाली उतरली होती. ती किळस करील असे मला वाटले होते, पण तिने फक्त विचारले, "आजी, कोण कोणाला खातंय?" हा प्रश्न पुस्तकातल्या चित्रापेक्षा बराच पुढचा होता.

ती माती आम्ही गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत ओतली आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार वस्तू पुरल्या: केळ्याची साल, पिंपळाचे पान, करवंटीचा तुकडा आणि बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद. पुरले की उगवते असा तिचा तोवरचा अनुभव असल्यामुळे ती चारही कोपऱ्यांना रोज इमानाने पाणी घालत असे, आणि बिस्किटाच्या कोपऱ्याला जरा जास्तच. दर रविवारी आम्ही चमच्याने उकरून पाहत असू. दिवाळीपर्यंत सालीचा आकार गेला होता आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती शोधूनही सापडेना. "कुठे गेली?" याला "मातीत मिसळली" हे मोठ्यांचे ठराविक उत्तर तिला पुरले नाही, तेव्हा मला सांगावे लागले की डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि पत्रावळीवर पाहिलेली बुरशी सालीतली साखर खातात, आणि त्यांच्या खाण्यातून जे सुटते ते मुळे पाण्यातून ओढून घेतात. म्हणजे साल उगवली नाही, पण पुढे त्या कुंडीत जे उगवेल त्यात ती थोडी असेल. तिने माती हुंगून पाहिली आणि "पावसाचा वास येतोय" असे जाहीर केले.

ते खरेच होते. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, ज्यावर आमच्या पिढीने वह्याच्या वह्या कविता केल्या, त्यातला मोठा वाटा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी बनवलेल्या एका द्रव्याचा असतो. त्याला १९६५ मध्ये जिओस्मिन, म्हणजे ग्रीक भाषेत मातीचा गंध, असे नाव मिळाले. हे जिवाणू पालापाचोळा कुजवणाऱ्यांपैकीच. नाकाला रुमाल लावावा तो हवा न मिळालेल्या, पाण्याने गच्च झालेल्या कचऱ्याजवळ. नीट, वारा खात कुजलेल्या खताला मृद्गंधच येतो.

पिंपळाचे पान पौषात निघाले ते अर्धे जाळी होऊन. आम्ही लहानपणी पिंपळाची पाने आठवडेच्या आठवडे पाण्यात घालून अशी जाळी मिळवत असू आणि तिच्यावर रंगाने नक्षी काढून वहीत जपत असू. आपण एक कुजलेली वस्तू जपतो आहोत, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही. मऊ भाग जिवाणू आधी फस्त करतात आणि शिरा उरतात, कारण त्यांच्यात लिग्निन नावाचे चिवट द्रव्य असते, जे पुरते पचवण्याची ताकद मुख्यतः काही बुरशींतच आहे. करवंटीत ते ठासून भरलेले असते.

संक्रांतीच्या रविवारी उकरले तेव्हा बिस्किटाचा कागद पुसल्यावर पूर्वीइतकाच चकाकला, आणि त्याला पाणी घालणे तिने आपण होऊन बंद केले. करवंटी मात्र तिने पुन्हा पुरली. ती कुजेल तेव्हा आपण कितवीत असू, असे तिने विचारले आहे. मी अंदाजाने चौथी सांगितली, आणि ते तिने कॅलेंडरमागे लिहून ठेवले आहे.