वाचून सही करणारा माणूस

माझ्या स्टॉक फोटोंमध्ये, म्हणजे एजन्सीमार्फत कोणालाही वापरायला विकत मिळणाऱ्या तयार फोटोंमध्ये, सगळ्यात जास्त खपणाऱ्या फोटोत एक म्हातारा माणूस खिडकीशी बसून कागद वाचतोय. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर आठ्या, ओठ किंचित आत ओढलेले. कागदाची पाठ कॅमेऱ्याकडे आहे, त्यामुळे त्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही. विकत घेणाऱ्यांनी त्या कागदाचं आजवर विजेचं बिल केलंय, बँकेची नोटीस केलीय, तपासणीचा रिपोर्ट केलाय. प्रत्यक्षात तो मॉडेल रिलीज आहे, म्हणजे ‘माझा फोटो विकायला माझी संमती आहे’ असं लिहून देण्याचा कागद. काका तेव्हा पोज देत नव्हते. ते खरोखर वाचत होते.

ही गोष्ट तशी विरळाच. दिवसभराची नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीला मी हा उद्योग करते. रिलीजवर सह्या घेऊन घेऊन माझ्याकडे फाइलींचा ढीग झालाय. बहुतेक लोक विचारतात, “कुठे करू सही?” काकांची नोकरी कोर्टात कारकुनीत गेलेली. त्यांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी रिकामी बसले होते, उजेड छान होता, म्हणून दोन-चार वेळा बटण दाबलं.

“हे कायमचं आहे? मी गेलो तरी?”

“हो काका.”

“वारसांनाही बंधनकारक?”

“हो.”

“कोणत्याही माध्यमात, कोणत्याही देशात, फेरफार करून?”

“हो.”

“मसुदा पक्का आहे,” ते म्हणाले आणि झोकात सही केली. साक्षीदार म्हणून त्यांच्या मुलीने सही केली. फोटो काढणारी आणि ज्याचा फोटो ती व्यक्ती सोडून तिसरं सज्ञान माणूस लागतं, आणि घरात तीच होती. तिने उभ्याउभ्या, कानाला फोन लावून सही केली. साक्षीदार कधीच वाचत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, सूर्यास्त टिपायचे आणि पैसे मोजायचे. सूर्यास्त कोणी विचारत नाही, ते लाखोंनी पडलेत. खपतं ते कंटाळवाणं: ओली फरशी, हातमोजे, कॅल्क्युलेटरवरचं बोट, आणि कुणाचाही वाटेल असा चेहरा. काकांचा चेहरा तसा आहे. कुठल्याही देशात, कुठल्याही मजकुराशेजारी बसेल असा.

त्या फोटोबद्दल मला अभिमान आहे तो कारागिरीचा. खिडकीवर पातळ पांढरा पडदा, उलट बाजूला थर्माकोलचा तक्ता टेकवलेला, त्यामुळे सावलीतल्या गालावरच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. फोकस जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर. चष्म्याच्या काडीवर कंपनीचं नाव होतं ते पुसलं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुसलं, शर्टाच्या खिशावरची बारीक शिवलेली खूण एकेक धागा जुळवत पुसली. ट्रेडमार्क दिसला की फोटो परत येतो, किंवा मग ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ या कप्प्यात जातो आणि जाहिरातवाले त्याच्याकडे बघत नाहीत. काकांच्या डावीकडे मी भिंत मोकळी सोडली. तिला कॉपी स्पेस म्हणतात. मथळा, किंमत, बोधवाक्य, जे काय टाकायचं ते खरेदीदाराने तिथे टाकावं. नवखे लोक चेहरा मधोमध ठेवतात आणि मग विक्री का होत नाही म्हणून रडतात.

एवढं करून एका एजन्सीने तो नाकारला. कारण: ‘मुख्य विषय फोकसमध्ये नाही.’ तपासणाऱ्याला बहुधा कागद मुख्य विषय वाटला. तोच फोटो, तीच फाइल, पुढच्या आठवड्यात पुन्हा टाकली तर मंजूर. तपासणारे माणूस आहेत की यंत्र, यावर आमच्यात वाद चालतो. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत.

मग कीवर्ड, म्हणजे शोधणाऱ्याला फोटो सापडावा म्हणून द्यायचे शब्द. साधारण पन्नासपर्यंत शब्द देता येतात, आणि खरी विक्री तिथे ठरते. ‘म्हातारा, चष्मा, खिडकी, कागद’ हे कोणीही लिहील. पण खरेदीदार वस्तू कमी आणि भावना जास्त शोधतो. त्याच्या हातात लेख तयार असतो आणि त्या लेखाला दुःख हवं असतं. म्हणून मी ‘चिंता’, ‘गोंधळ’, ‘एकटेपणा’, ‘कर्ज’, ‘निवृत्ती’ हे शब्द दिले. फोटोत ते दिसतं, आणि दिसतं ते लिहायचं असाच नियम आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द मी दिला नव्हता. मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तो विषय निघाला.

एका संध्याकाळी काकांच्या मुलीचा मेसेज आला. मजकूर काही नाही, नुसता स्क्रीनशॉट. परदेशातल्या तिच्या मैत्रिणीने पाठवलेला. स्मरणशक्तीच्या गोळ्यांची जाहिरात, आमच्यापैकी कोणालाही न येणाऱ्या भाषेत. उजवीकडे काका. डावीकडे, मी निगुतीने मोकळ्या ठेवलेल्या भिंतीवर, अवतरणचिन्हांत मोठ्या अक्षरांत एक वाक्य. खाली एक परकं नाव आणि वय ८२. भाषांतराच्या ॲपमधून काढलं तेव्हा वाक्य निघालं: “मला माझ्या मुलीचं नाव आठवेनासं झालं होतं.”

मी लगेच फोन केला. ती रडत नव्हती, चिडली होती. “हे तू विकलंस?” एवढंच तिने विचारलं.

उत्तर हो असं आहे, आणि नाही असंही. परवाना मी देत नाही, एजन्सी देते. विक्रीच्या यादीत मला दिसते ती तारीख, फोटोचा क्रमांक, परवान्याचा प्रकार आणि माझा वाटा. घेणारा कोण, कशासाठी घेतोय, हे दिसत नाही. सदस्यत्वावर डाउनलोड झाला असेल तर वाटा सेंटमध्ये मोजायचा. एका मोठ्या एजन्सीने २०२० पासून फोटोग्राफरच्या वाट्याला पायऱ्या लावल्यात, १५ ते ४० टक्के, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. त्या गोळ्यावाल्याने काकांचा चेहरा बहुधा अशाच काही सेंटांत नेला असणार.

पण परवान्यालाही अटी असतात. मोठ्या एजन्सींच्या करारात हे स्पष्ट लिहिलेलं असतं: फोटोतली व्यक्ती एखाद्या मालाची शिफारस करतेय असं भासवायचं नाही. आजार, व्यसन असा नाजूक विषय असेल तर काही जण तो वापर मुळातच नाकारतात, तर काहींच्या करारात ‘चित्रातील व्यक्ती मॉडेल आहे’ असं शेजारी छापावं लागतं. इथे नाव खोटं, वय खोटं, अनुभव खोटा, आणि मॉडेल असल्याची ओळ कुठेच नाही. म्हणजे एकाच चौकटीत सगळ्या अटी धाब्यावर.

२०१३ साली न्यू यॉर्कमध्ये एका तरुणीने असाच आपला फोटो सरकारी जाहिरातीत पाहिला होता, एचआयव्हीविषयीच्या. तिने कोर्टात दावे लावले. त्या प्रकरणात फोटोग्राफरकडे तिची सहीच नव्हती. आमच्या धंद्यात ही गोष्ट ‘रिलीज घ्या रे बाबांनो’ म्हणून नव्यांना सांगतात. माझ्याकडे रिलीज होता, पक्का, साक्षीदारासह. त्याने मला वाचवलं. काकांच्या मुलीला त्याचा काय उपयोग झाला, हे मला अजून सांगता येत नाही.

रात्रीच एजन्सीला लिहिलं. फोटोचा क्रमांक, जाहिरातीचा दुवा, स्क्रीनशॉट, भाषांतर, मोडलेल्या अटी कलमवार. उत्तर आलं: आपण आमच्या परिवाराचा मोलाचा भाग आहात, आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. ‘परिवार’ हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. मग काही आठवडे शांतता.

दरम्यान मी काकांकडे गेले. स्क्रीनशॉट त्यांनी आधीच पाहिला होता. मला वाटलं होतं, ते दुखावले असतील. ते वयावर अडून बसले होते. “८२? मी ७४ चा आहे. एवढा थकलेला दिसतो का मी?” मी त्यांना हंगेरीच्या आंद्राश आराटोंची गोष्ट सांगितली. निवृत्त विद्युत अभियंता, स्टॉक फोटोंसाठी हसत उभा राहिला आणि त्या अवघडलेल्या हसण्याचा जगभर विनोद झाला. आपलेच फोटो इंटरनेटवर शोधताना त्यांना ते कळलं. पुढे त्यांनीच त्या प्रसिद्धीशी जुळवून घेतलं. काका खूश झाले. मुलगी नाही झाली.

“तो फोटो काढून टाक,” ती मला म्हणाली.

काढता येतो. पण पोर्टफोलिओतून काढला तरी आधी विकले गेलेले परवाने चालूच राहतात. ज्याने घेतलाय तो वापरणार. हे मी सांगितल्यावर काकांनी मुद्दा पकडला. “म्हणजे काढला तर सरळ मार्गाने घेणारे थांबतील. हा गोळ्यावाला थांबणार आहे का? नाही ना? मग राहू दे. फोटो माझा आहे, मला काही वाटत नाही.”

“बाबा, तुम्हाला काही वाटत नाही ठीक आहे,” ती म्हणाली. “पण त्या वाक्यात मी आहे. मी कुठे सही केलीय?”

तिने सही केली होती. साक्षीदार म्हणून, माझ्या फाइलमध्ये आहे. मी ते बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता, कारण तिचा मुद्दा खराच होता. साक्षीदार सही ओळखतो, स्वतःचं काही देऊन टाकत नाही. रिलीजमध्ये चेहऱ्याची संमती असते. त्या चेहऱ्याला मुलगी असू शकते, बायको असू शकते, याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

पूर्वी राइट्स मॅनेज्ड पद्धतीत खरेदीदाराला आधी सांगावं लागायचं: कुठे, किती काळ, कशासाठी. महाग होतं, पण निदान विचारलं तरी जायचं. गेटी इमेजेस या बड्या एजन्सीने २०१९ च्या अखेरीस क्रिएटिव्ह, म्हणजे बातम्यांचे नसलेल्या, फोटोंसाठी ती पद्धत गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता जवळपास सगळा बाजार रॉयल्टी फ्री आहे: एकदा घ्या, हवा तिथे वापरा. शिवाय अडोबी स्टॉक या एजन्सीने डिसेंबर २०२२ पासून यंत्राने बनवलेली चित्रं अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केली. ‘एकटेपणा, म्हातारा, कागद’ असं शोधलं की हल्ली काकांच्या शेजारी असे बनावट म्हातारे रांगेत येतात. गोळ्या विकायला ते उत्तम आहेत. त्यांना मुली नसतात. हे वाक्य मी लिहिलं खरं, पण त्याने माझ्याच पोटावर पाय येतो.

आणि मग जाहिरात गायब झाली. मी कळवायला म्हणून काकांकडे गेले आणि सवयीने पुन्हा एकदा फोटो टाकून शोध घेतला. तीच कंपनी, दुसरं पान, तेच वाक्य. फोटो मात्र आरशात दिसावा तसा उलटा केलेला. असं केलं की शोध घेणारी काही साधनं चकतात. काकांनी माझ्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, “माझा खिसा उजवीकडे कसा गेला?” खरंच, खिसा उजवीकडे, बटणपट्टी बायकांच्या शर्टासारखी. ज्या खिशावरून मी धागा धागा पुसला होता तोच.

यावेळी तक्रार काकांनी स्वतः लिहिली. मी टाइप केली, मजकूर त्यांचा. अर्जदार, प्रतिवादी, वस्तुस्थिती, मागणी, एकूण नऊ मुद्दे, शेवटी सही. ‘योग्य ती कार्यवाही न झाल्यास’ हा परिच्छेद त्यांनी फार आवडीने सांगितला. माझ्या पत्रांना ‘परिवार’ मिळायचा. काकांना चार दिवसांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं, खाली पदनाम असलेलं. कामं कशी होतात ते कळलं. फोटो पुरवणारी मी, माझी तक्रार त्यांच्या लेखी ग्राहकाविरुद्ध चुगली. फोटोतला माणूस सहीनिशी बोलला की तो खटला.

‘चिंता’ आणि ‘गोंधळ’ हे दोन कीवर्ड मी काढलेत. विक्री उतरली, अपेक्षेप्रमाणे. काकांना ते पटलेलं नाही, त्यांच्या मते मालाचं वर्णन खरं असावं. मुलीला ते पुरेसं वाटत नाही. फोटो अजून विक्रीला आहे, आणि मी त्यांच्याकडे गेले की ती आतल्या खोलीतून बाहेर येते, बसते, विषय काढत नाही.

एजन्सीने काकांकडे दोन गोष्टी मागितल्यात: ओळखपत्र, आणि ते फोटोतलेच गृहस्थ आहेत हे पटवण्यासाठी अलीकडे काढलेला फोटो. तो मी काढला, त्याच खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, मागे कॅलेंडर तसंच. मुलगी शेजारी उभी होती. तिने कॅमेऱ्यावर तो पाहिला, मोठा करून पाहिला आणि म्हणाली, मेल गेली की डिलीट कर, माझ्यासमोर.