तुम्ही लिंक मागता म्हणून

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, लग्नात, रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रश्न एकच: "मॅडम, मुलांना सहिष्णुता, विविधतेचा आदर वगैरे शिकवायला ऑनलाइन चांगलं काय आहे? लिंक टाका ना." २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी अशा साहित्याची यादी केली होती. ती तालुक्याबाहेरही फिरली आणि तेव्हापासून हे खातं माझ्याकडेच आलं. हल्ली मी लिंक द्यायचं टाळते, म्हणून काहींना मी शिष्ट वाटते. तर आता विचारलंतच आहे, म्हणून एकदा सांगून टाकते.

यादी वाईट नव्हती. हे आधीच सांगते, नाहीतर "डिजिटल म्हणजे सगळं थोतांड" म्हणणारे सहकारी लगेच खूश होतील. तीत 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवरचे पाठ होते. एनसीईआरटीच्या जुन्या सहावीच्या पुस्तकातले विविधता आणि भेदभावावरचे दोन धडे होते. युनेस्कोचा १९९५ चा सहिष्णुतेचा जाहीरनामा होता, जो मी स्वतः कधी शेवटपर्यंत वाचला नाही. अमेरिकेत १९९१ पासून शिक्षकांना फुकट साहित्य देणारा 'टीचिंग टॉलरन्स' नावाचा प्रकल्प आहे, आता त्याचं नाव 'लर्निंग फॉर जस्टिस'. त्यांचा एक उपक्रम तर मी आमच्या शाळेत चालवला. जेवणाच्या सुट्टीत रोजच्या कंपूत बसायचं नाही, नव्या मुलाशेजारी बसायचं. आमच्याकडे पोषण आहाराची पंगतच असते, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून जागा ठरवणं सोपं गेलं. दोघे पालक येऊन आवाज चढवून गेले. मुलांना मात्र मजा वाटायला लागली आणि ती पद्धत टिकली.

बाकी यादीत बरेचसे व्हिडिओच होते. फेटा, पगडी, टोपी, नऊवारी, शेवटी सगळ्यांचे हात हातात. आमच्या भीमेकाठच्या शाळेत फेटा आणि पगडीवरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. इथली भांडणं वेगळी आहेत आणि ती कुठल्याही वेशभूषेत दिसत नाहीत.

सहावीचा वर्ग. सहलीचे पैसे जमा होत होते, पाकीट माझ्या टेबलाच्या खणात. मधल्या सुट्टीनंतर पाहते तर पाकीट नाही. मी एवढंच विचारलं, "पाकीट कुणी पाहिलं का रे?" वर्ग गप्प. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. आदल्याच आठवड्यात याच मुलांनी विविधतेवरची ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवून प्रमाणपत्रं मिळवली होती. काय बोलू नये ते त्यांना नीट कळत होतं.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. पारध्यांच्या पालावरून येणारा, वर्गातला तेवढा एकच. दप्तर घेऊन टेबलापाशी आला आणि ते फरशीवर उलटं केलं. दोन वह्या, टोपण नसलेलं पेन, रिकामा डबा. मग पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. मग शर्टाचा खिसा. मग हात थोडे वर धरून उभा राहिला. त्याच्या या हालचालींत कुठेही अडखळणं नव्हतं.

मी म्हटलं, "अरे, तुला कुणी काही म्हटलं का?"

"नंतर म्हणत्यात, बाई. आधीच बघा."

मला सुचेना. समान न्याय म्हणून मी म्हटलं, चला, सगळ्यांचीच दप्तरं बघू. बाकीच्यांनी हसत-खिदळत दप्तरं उपडी केली. त्यांच्यासाठी तो खेळ झाला. हा भिंतीशी उभा होता, खिसे तसेच बाहेर लोंबत.

पैसे सापडले नाहीत. आम्ही शिक्षकांनी मिळून भरले, सहल गेली. तो आला नाही.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी तरी हळहळून झाल्यावर विचारलं, "पण मग घेतले कुणी?" मला माहीत नाही. आणि हे विचारणारे बहुतेक तेच, ज्यांना लिंक हवी असते. सहावीची पोरं निदान गप्प तरी बसली होती.

इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे पारध्यांनाही लावला गेला. जन्माला आलं की संशयित. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, मग १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. भटके-विमुक्त ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आमच्या परिपाठात रोज दिनविशेष वाचतात, तरी ती तारीख तिथे पाकीट हरवलं त्या दिवसापर्यंत कधी आली नव्हती. माझ्या यादीतही नव्हती.

माझ्यातली, यादी करणारी ती बाई आजही माझ्याशी भांडते. म्हणते, काहीच नसण्यापेक्षा बरं ना? पंगत बदलली की नाही? एखाद्या दुर्गम शाळेत एकच शिक्षक असेल, त्याला हेही कोण देणार? तिचं खोटं नाही. मी तिला विचारते, प्रमाणपत्रं वाटलीस तेव्हा त्या मुलाला किती गुण मिळाले होते? त्याला पैकीच्या पैकी होते. सहिष्णुता म्हणजे काय, हे त्यानेही बरोबर लिहिलं होतं. यावर तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

तेव्हा लिंक हवीच असेल तर मागा, देईन. फक्त "एवढं दाखवलं की झालं ना?" असं विचारू नका. माझ्यापुरते मी दोन नियम केलेत: वर्गात पैसे ठेवायचे नाहीत, आणि काहीही हरवलं तरी कुणाचंच दप्तर उघडायचं नाही. शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात, ही सरळ पळवाट आहे, संशय तसाच राहतो आणि तुम्ही फक्त प्रसंग टाळता. असेल. त्यांनी अजून दुसरं काही सुचवलेलं नाही.