मतं हवीत, फोटो नको

२०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या अमेरिकेतल्या ॲशबर्नच्या घरी टपालपेटीतून रोज तीन-चार पत्रकं निघायची. जाड, गुळगुळीत, ताटाएवढी. एकावर डोनाल्ड ट्रम्प यांचा भला मोठा फोटो आणि शेजारी त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार ग्लेन यंगकिन. मला वाटलं, हे यंगकिन यांच्याच प्रचाराचं. आपल्याकडच्या फ्लेक्सवर वाढलेला माझा हिशेब सरळ: वर गोलांत बडे नेते, खाली हात जोडलेला उमेदवार. पत्रक उलटलं, तर तळाशी बारीक अक्षरांत नाव विरोधकांचं! समोरच्याचा नेता आपल्या खर्चाने छापून घरोघरी वाटायचा, हा प्रकार मला नवीन होता.

ही व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक. हे राज्य दक्षिणेतलं. राजधानी रिचमंडमधला, यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा प्रचंड पुतळा त्याच सप्टेंबरात उतरवला गेला. आमचा लाउडन परगणा मात्र वॉशिंग्टनच्या कुशीतला. इथे डेटा सेंटरं, देशी वाणसामानाची दुकानं आणि आयटीतली आपली मंडळी. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बायडन इथे ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी पुढे होते. म्हणजे ट्रम्प यांचा फोटो आमच्या गल्लीत मतं घालवणारा, आणि गाडीने तीन-चार तास नैर्ऋत्येला डोंगरांत गेलं की तोच फोटो मतं खेचणारा. यंगकिन यांना दोन्हीकडची हवी होती.

मे महिन्यात उमेदवारी मिळाली तेव्हा ट्रम्प यांचा पाठिंबा लगेच आला, आणि यंगकिन यांनी तो ‘हा माझा सन्मान’ म्हणून घेतलाही. पुढे उन्हाळाभर ते नाव तोंडातून कमी कमी होत गेलं. अंगात लाल बिनबाह्यांचं जाकीट, बोलणं शाळा आणि वाणसामानावरच्या कराचं. ऑक्टोबरात रिचमंडजवळ ट्रम्प समर्थकांची सभा झाली, ट्रम्प फोनवरून बोलले. यंगकिन तिथे गेलेच नाहीत. त्या सभेत ६ जानेवारीच्या (ट्रम्प समर्थक संसदेत घुसले त्या दिवशीच्या) वॉशिंग्टनमधल्या जमावातून आणलेल्या झेंड्यासमोर राष्ट्रनिष्ठेची शपथ घेतली गेली, तेव्हा हे विचित्र आणि चुकीचं असल्याचं त्यांनी सांगून टाकलं. पण ट्रम्प यांच्याविरुद्ध एक शब्द नाही. सासूबाईंशी भांडायचं नाही आणि त्यांच्या खोलीतही जायचं नाही, अशातली गत.

समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या टेरी मॅकऑलिफ यांची अडचण वेगळीच. हे आधी एकदा गव्हर्नर झालेले (व्हर्जिनियात सलग दुसऱ्यांदा होता येत नाही, मधे खंड लागतो). त्यांनी ओबामांना बोलावलं, कमला हॅरिस आल्या, खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन आर्लिंग्टनला येऊन गेले. आणि त्याच महिन्यात मॅकऑलिफ आपल्या लोकांशी बोलताना कबूल करून बसले की राष्ट्राध्यक्ष सध्या इथे लोकप्रिय नाहीत. ज्याला बोलावलं त्याचीच लाज! बायडन यांनी त्या सभेत यंगकिनपेक्षा ट्रम्प यांच्यावरच जास्त तोंडसुख घेतलं. मला विचाराल तर मॅकऑलिफ यांचा घात बायडननी नाही, त्यांच्याच एका वाक्याने केला: शाळेत काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये, असं ते वादसभेत बोलून गेले. आमच्या सोसायटीच्या बस थांब्यावर त्यानंतर ट्रम्प यांचा विषय कोणी काढेना, सगळे शाळेवरच.

मतदानाच्या आदल्या रात्री, १ नोव्हेंबरला, यंगकिन यांची शेवटची सभा आमच्याच परगण्यात, लीसबर्गच्या जत्रेच्या मैदानावर होती. कामावरून येताना मित्राबरोबर डोकावलो. थंडीने बोटं बधिर झालेली. आम्ही होतो तेवढ्या वेळात ट्रम्प हे नाव मंचावरून एकदाही ऐकू आलं नाही. मागे उभ्या असलेल्या दोघांच्या लाल टोप्यांवर मात्र त्यांचंच घोषवाक्य. त्याच संध्याकाळी ट्रम्प यांनी टेलिफोनवरून आपली वेगळी सभा घेतली, तिला यंगकिन नव्हते. आमचं दोघांचं उत्तम जमतं, असंही ट्रम्प यांनी त्या दिवशी जाहीर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मतदान. शाळेच्या जिममधून शर्टावर स्टिकर लावून घरी आलो तर बायको चकल्या तळत होती. यंगकिन सुमारे दोन टक्क्यांनी जिंकले. लाउडनमध्ये ते हरले, पण २५ टक्क्यांची पिछाडी ११ वर आणून. ट्रम्प यांनी लगेच आपल्या पाठीराख्यांचे आभार मानले, तुमच्याशिवाय हा माणूस जवळपासही पोचला नसता, अशा अर्थाने. त्यावर यंगकिन गप्प.

चार वर्षांनी, २०२५ मध्ये, फासे उलटे पडले. रिपब्लिकन उमेदवार विन्सम अर्ल-सीअर्स यांनी २०२२ मध्ये ट्रम्प आता पक्षाला ओझं झालेत असं बोलून ठेवलं होतं. त्यांना पाठिंबा हवा होता तेव्हा ट्रम्प यांनी त्यांचं नाव घेऊन तो रीतसर दिलाच नाही. त्यांच्याच पक्षाच्या ॲटर्नी जनरलना (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) मात्र दिला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ॲबिगेल स्पॅनबर्गर १५ टक्क्यांहून थोड्या जास्त फरकाने जिंकल्या, आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, झाल्या.

पत्रकं तेव्हाही आलीच, ट्रम्प यांच्या फोटोसकट. बायकोने एक चकल्यांखाली घालून पाहिलं. तेल शोषत नाही म्हणाली.