एमआरआय झाला, पण वाटीचं काय?

मशीनमधला ठणठणाट, आत जीव घुसमटण्याची धास्ती, यावर सगळेच बोलतात. गुडघ्याच्या एमआरआयमध्ये डोकं बहुधा बाहेरच राहतं. पाय न हलवता अर्धा तास पडून राहायचं, झालं. मला छळलं ते रिपोर्टच्या खिडकीने.

माझं दुखणं गुडघ्याच्या वाटीच्या मागचं. जिना उतरताना कळ यायची, बराच वेळ बसून उठलं की गुडघा धरायचा. एक्स-रेत काही निघालं नाही, व्यायामानेही फरक पडेना, म्हणून एमआरआय. चिठ्ठीवर मात्र नुसतं ‘गुडघेदुखी’. रिपोर्टही तसाच मोघम: लिगामेंट (हाडं बांधणारे पट्टे) ठीक, मेनिस्कस (सांध्यातली गादी) ठीक, सांध्यात किंचित पाणी. वाटीच्या कूर्चेबद्दल, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराबद्दल, अवाक्षर नाही!

खिडकीवर विचारलं तर उत्तर तयार, “सही झालेला रिपोर्ट बदलत नाही.” अहो, बदला कोण म्हणतंय? पुरवणी जोडा. “मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा.” आणली. “ही नव्या तपासणीची झाली, पुन्हा पैसे भरा.” फोटो तेच, गुडघा तोच, पैसे कशाचे? मी पाय लांब करून तिथल्याच बाकावर ठाण मांडलं. शेवटी कंटाळून त्यांनी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना, रेडिऑलॉजिस्टना, बोलावलं.

ते म्हणाले, “बोटाने दाखवा, कुठे दुखतं?” मग पडद्यावर आडवे छेद उघडले. वाटीच्या पाठची कूर्चा यांत सगळ्यात नीट दिसते. बाहेरच्या बाजूला ती खडबडीत झालेली, ग्रेड दोन, म्हणजे झीज चारपैकी दुसऱ्या पायरीवर. वाटीखालच्या चरबीच्या गादीलाही वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात सूज. वाटी खोबणीत सरळ सरकत नसली की असं दिसू शकतं म्हणे. पुरवणी तिथल्या तिथे लिहून झाली. एवढ्यासाठी ती सगळी हुज्जत!

तेव्हा चिठ्ठी हातात पडताच वाचा. ‘वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना वाढतं’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. फोटोंची सीडी मागून घ्या, नुसत्या कागदावर भागत नाही. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल, तर तपासणीआधीच सांगा.

ग्रेड वाचून मी हबकले होते. पण असे बदल गुडघा न दुखणाऱ्यांतही सापडतात, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेचा विषयच निघाला नाही. आता मांडीच्या जोडीला खुब्याच्या स्नायूंचेही व्यायाम सुरू आहेत. जिना अजून कठडा धरूनच उतरते.