मावशींचा आखडलेला खांदा

बेळगावात फिजिओथेरपी करताना शहापूर-वडगावच्या मागांवर राबणारे खांदे सारखे हाताखालून जातात. ही मावशी मात्र खानापूरकडची, भातशेतीतली, पन्नाशी ओलांडलेली. सोबत मुलगा. बसायच्या आतच त्यानं मोबाईल पुढं केला. कुणाची तरी मान कडकन वाजवणारा कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके-सांधे हातानं मोकळे करणारा. "मॅडम, आईचा खांदा असा एका झटक्यात मोकळा करून सोडा की."

मावशींचा डावा हात कानापर्यंतही जाईना. आंबाडा सून घालून देते, त्याचीच त्यांना जास्त लाज. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे नॉर्मल, आणि कुणीतरी "गॅस धरलाय" म्हणून गोळ्या दिलेल्या.

डावी बाजू, म्हणून छातीत दुखतं का, चालताना दम लागतो का, ते आधी विचारलं. नाही म्हणाल्या. मग कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितला. उजवा सहज गेला, डावा जेमतेम हलला. मी धरून वळवला तरी तिथंच अडला. खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली असती तर त्यांना जमलं नसतं, पण मला बहुतेक हात फिरवता आला असता. इथं सांध्याभोवतीचं आवरणच आखडलं होतं. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीत येतो, बायकांत जास्त.

मुलाला समजावलं, तो 'कडक' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो. त्यानं कधी पाठ-मानेला बरं वाटतं, पण आखडलेल्या, ठणकणाऱ्या खांद्याला हिसका दिला की दुखणं वाढतं. जाणता कायरोप्रॅक्टरही इथं झटका देत नाही. सांधा हळूहळू सरकवतो, पाठीचा वरचा भाग आणि खांद्यामागचं फऱ्याचं हाड मोकळं करतो, व्यायाम देतो. मीही तेच करते. दुखणं थोडं उतरतं, हात थोडा जास्त वर जातो. पण सगळं सुटायला महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. मुलाचं तोंड पडलं.

"मावशी, शुगर कधी तपासली?"

"मला कशाची शुगर ओ? गोड खातच नाही मी."

हा प्रश्न मी अशा प्रत्येक खांद्याला विचारते, कारण मधुमेहात हे दुखणं जास्त होतं. शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा (HbA1c) ९ च्या वर. ६.५ पासून मधुमेह धरतात. मावशी रिपोर्टकडं नुसत्या बघत राहिल्या. खांद्याचं राहू दे, आधी फिजिशियनकडं जा म्हटलं. खरं तर दोन्ही बरोबरच सुरू केलं. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, आणि गोठ्याच्या तुळईवरून दोर टाकून चांगल्या हातानं दुखरा वर ओढायचा, कळ लागेल तिथं थांबायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर आल्या तेव्हा बोटं कानाला लागत होती, झोपही लागत होती. आंबाडा अजून सूनच घालते. त्यांना विचारायचं होतं एवढंच, की लावणीला जाऊ का. वाकून रोप लावा, पण तरव्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन हातानं धरायच्या नाहीत, म्हटलं. ऐकतील असं काही वाटत नाही.